अंबूबाईंची बिनधुराची चूल

१

गंगव्वा सकाळी भांडी घासायला आली तेव्हा मागचं दार अजून उघडलेलं नव्हतं. एरवी अंबूबाई तिच्या आधी उठून अंगणात सडा घालत असत. गंगव्वाने कडी वाजवली, हाका मारल्या, मग वळसा घालून पुढच्या दाराशी गेली आणि गुंडूरावला उठवलं.

स्वयंपाकघरात अंबूबाई चुलीशेजारी चटईवर कुशीला झोपल्या होत्या. अंगावर घोंगडी, गालांवर तांबूस झाक, चेहरा शांत. खिडकी लावलेली होती. गुंडूरावने "आई" म्हणून हाक मारली. कितीतरी दिवसांनी त्याने तो शब्द उच्चारला होता. गंगव्वाने म्हातारीच्या पावलांना हात लावला आणि ती तिथेच खाली बसली.

डॉक्टरांनी चेहरा पाहिला, चुलीतली राख पाहिली आणि सांगितलं की निखाऱ्यांचा विषारी वायू कोंडून मृत्यू आला. त्याला वास नसतो, धूर नसतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

मग पोलीस गच्चीवर गेले. चुलीचा सिमेंटचा पाईप तिथे कमरेएवढा वर आला होता. त्याची पत्र्याची टोपी बाजूला पडली होती आणि पाईपच्या तोंडात कावळ्याचं घरटं घट्ट बसलं होतं.

दुपारपर्यंत राजाजीनगरच्या त्या गल्लीत एकच वाक्य फिरत होतं. नगरपालिकेच्या चुलीने अंबूबाईंना मारलं. संध्याकाळी लोकांनी पहारी काढल्या आणि आपापल्या घरातल्या नव्या चुली फोडायला सुरुवात केली.

२

हे १९५९ सालच्या डिसेंबरात, कन्नड मुलखातल्या एका मोठ्या शहरात घडलं. तेव्हा नगरपालिकेची एक योजना चालू होती. ज्याचं स्वतःचं घर आहे त्याला बिनधुराची चूल बांधायला कर्ज मिळायचं. अशा चुलीला सरपण निम्मं लागे आणि धूर पाईपातून गच्चीवर निघून जाई. कर्जाची फेड घरपट्टीबरोबर, हळूहळू. बोजा माणसाच्या नावावर नव्हे, घरावर चढायचा.

ही योजना घरोघरी समजावून सांगायचं काम सुनंदाबाईंकडे होतं. त्या विधवा होत्या, मूळच्या निपाणीकडच्या, बोलण्यात मराठी आणि कन्नड सारख्याच सराईत. बायका त्यांना चूलअक्का म्हणत. त्या गल्लीत पहिली सही अंबूबाईंनी केली होती. बाकीच्या घरांत सुनंदाबाई त्याच सहीचा दाखला देत गेल्या होत्या.

"आता तुम्ही तिकडे जाऊ नका," त्यांचे साहेब मुकुंदराव म्हणाले. "गवंड्याने टोपी काढून ठेवली, कावळ्याने घरटं बांधलं. गवंडी अटकेत आहे. मी अहवाल लिहितोय. योजना बंद."

"एका घरट्यामुळे?"

"एका प्रेतामुळे, बाई."

सुनंदाबाई तिथून निघाल्या आणि थेट त्याच गल्लीत गेल्या. वाटेत दोन ओळखीच्या बायकांनी त्यांना पाहून दारं लावून घेतली.

अंबूबाईंच्या स्वयंपाकघरात गंगव्वा एकटीच राख भरत होती. सुनंदाबाई चुलीसमोर बसल्या.

"काल संध्याकाळी काय रांधलं होतं?"

"अवरेकाळूचं, पावट्याच्या दाण्यांचं सार अन् भाकरी. दाणे शिजता शिजेनात. केवढा वेळ जाळ लागला."

"तू होतीस?"

"होते ना. जेवण होईपर्यंत होते. मला पण वाढलं त्यांनी. मग निखारे राखेत दाबले, म्हणाल्या, गुडघे दुखतात, इथंच उबेला पडते."

"जाळ होता तेव्हा घरात धूर झाला?"

"स्वल्पसुद्धा नाही, अक्का. झाला असता तर मी आधी बाहेर पळाले असते."

सुनंदाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. दिवाळीला दिलेला चुना तसाच पांढरा होता. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. काजळीचा कण लागला नाही.

"ते घरटं कुठंय?"

पोलिसांनी ते परसात टाकून दिलं होतं. सुनंदाबाईंनी ते उचलून उलटं केलं. काटक्या, नारळाचा काथ्या, तारांचे तुकडे. पाईपात बसलेली खालची बाजू त्यांनी नाकाशी धरली. धुराचा वास नव्हता. काथ्या सोनेरी होता, कुठेही काळवंडलेला नाही.

एवढा वेळ जाळ चालला होता, आणि हे त्याच्या तोंडावर बसलेलं होतं?

"गंगव्वा," त्या हळू म्हणाल्या, "हे घरटं जेवणाच्या वेळी तिथे नव्हतं. ते जाळ विझल्यावर आलंय. आणि अंधारात कावळा घरटं बांधत नाही."

३

देवाप्पा गवंडी चौकीच्या कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताची बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती. फौजदारांनी सुनंदाबाईंना जरा वेळ बोलू दिलं.

"टोपी तूच काढलीस?"

"मीच काढली, अक्का. नाही कशाला म्हणू?"

"का?"

"अम्मांनी पाईप उंच करायला सांगितला होता. वर आणखी एक नळा बसवायचा होता. दुपारी टोपी काढून माप घेतलं. आज सकाळी नळा घेऊन येणार होतो. आलो तर दारात पोलीस."

"फौजदारांना हे सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, टोपी कोणी काढली. मी म्हटलं, मी. पुढं त्यांनी विचारलं नाही."

सुनंदाबाई जवळ सरकल्या. "तुझं आणि अंबूबाईंचं भांडण झालं होतं म्हणतात."

"झालं होतं की. माझी पहिली चूल त्यांनी पाडायला लावली. धग मागच्या भांड्याला लागत नाही म्हणाल्या. सगळ्या गल्लीसमोर मला नालायक म्हणाल्या. मीही बोललो, तुमची चूल तुमच्याच डोक्यावर घाला." त्याने सुजलेला हात मांडीवर घेतला. "मग दुसरी बांधली. ती चांगली झाली. पहिल्या दिवशी त्यांनी मला बसवून त्याच चुलीवरचा उप्पिट्टू खायला घातला."

"पाईप उंच कशाला करायचा होता?"

"ते नाही सांगितलं. म्हणाल्या, धूर अजून वरून जायला पाहिजे."

सुनंदाबाई उठल्या तेव्हा तो म्हणाला, "अक्का, तुम्ही कशाला फिरताय. कोणाच्या तरी नावावर हे जाणारच. माझं नाव लिहून झालंय."

बाहेर फौजदारांनी सगळं ऐकून घेतलं. "घरटं चूल विझल्यावर आलं म्हणता. सरी, ठीक. मग त्यानंतर त्या गच्चीवर कोण गेलं? घरात मुलगा होता. त्याला विचारलंत?"

४

गुंडूराव पुढच्या खोलीत सुतकात बसला होता. चिक्कपेठेतल्या कापडाच्या दुकानात तो मोजणीला होता. अंबूबाईंचा एकुलता एक.

"मला माहितीय तुम्ही काय विचारणार," तो म्हणाला. "गल्लीत सगळे तेच बोलतायत."

"काय बोलतायत?"

"की मी आईशी बोलत नव्हतो. खरं आहे. हे घर विकून जयनगरात जागा घ्यायची माझी इच्छा होती. शिवाजीनगरचा एक माणूस घ्यायला तयार होता. तोवर आईने मला न विचारता चुलीसाठी घरावर नगरपालिकेचा बोजा चढवून घेतला. तो माणूस म्हणाला, सरकारी भानगडीतलं घर मला नको. त्या दिवसापासून मी घरात जेवलो नाही. हॉटेलात जेवायचो, इथे येऊन झोपायचो."

"काल संध्याकाळी आलात तेव्हा आई जागी होती?"

"स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आतून म्हणाली, गुंडू, सार ठेवलंय." तो जमिनीकडे पाहत राहिला. "मी उत्तर दिलं नाही."

सुनंदाबाईंनी विचारलं, "गच्चीवर गेला होतात?"

"नाही. आणि तुम्ही मानणार नाही, हेही मला माहितीय."

"बघू या," त्या म्हणाल्या.

गच्चीचा जिना घरातूनच होता, अरुंद आणि काळोखी. पायऱ्यांच्या कडेला सरपण रचलं होतं. सुनंदाबाईंनी गंगव्वाला बोलावलं.

"हे कधी आलं?"

"काल संध्याकाळी वखारीतून आलं. चूल विझल्यावर मीच रचलं. परसात दव पडतं म्हणून सगळ्या पायऱ्या भरून टाकल्या. सकाळी पोलिसांना वर जायचं तर अर्ध्या मोळ्या मलाच बाजूला कराव्या लागल्या. मी रचल्या होत्या तशाच होत्या."

म्हणजे गंगव्वा गेल्यावर त्या जिन्याने कोणीही वर गेलं नव्हतं. गुंडूराव नाही, देवाप्पा नाही, कोणीच नाही. आणि जेवणाच्या आधी घरटं तिथे नव्हतं.

सुनंदाबाई गच्चीवर गेल्या. एका बाजूला मोकळा प्लॉट, काटेरी झुडपं, खाली उतरायला काही नाही. दुसऱ्या बाजूला शेजारच्या घराची गच्ची, इतकी लगत की लुगडं सावरून पलीकडे पाय टाकता येईल. पाईपच्या समोर त्या घराच्या माडीवरच्या खोलीची खिडकी होती. खिडकीच्या फटींत ओल्या कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या.

त्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं. शेजारच्या परसात नारळाचं झाड नुकतंच साफ केलेलं होतं. तोडलेल्या झावळ्या, नारळांचा ढीग. बाजूला तोंडल्याचा मांडव होता, लाल आणि हिरव्या वेष्टणाच्या तारेने बांधलेला.

सुनंदाबाईंनी पदरात गुंडाळून आणलेलं घरटं उघडलं. काटक्यांतून लाल आणि हिरवी तार विणली गेली होती.

५

हयवदन माध्व ब्राह्मण होते, एका कारखान्यात तारा जोडण्याच्या खात्यात मुकादम. अंबूबाईंच्या शेजारात राहून त्यांची मराठी चांगली झाली होती. त्यांच्या बायकोने, कृष्णवेणीने, दार उघडलं. तिचे डोळे लाल होते. घरभर धूर होता. स्वयंपाकघरात तीन दगडांच्या चुलीवर भात होता आणि चुलीपासून थोड्या अंतरावर उबेला अंथरुणात त्यांची मुलगी कमला पडलेली. दर श्वासाला तिच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत होता.

सुनंदाबाई बाहेरच्या खोलीत बसल्या आणि घरटं त्यांनी जमिनीवर ठेवलं. हयवदन त्याच्याकडे पाहतच राहिले.

"काल तुमच्याकडे नारळ काढणारा आला होता. त्याने झाडावरची जुनी घरटी खाली टाकली."

"हो."

"ही तार तुमच्या मांडवाची आहे. कावळ्याने तुमच्याच परसातून नेली, तुमच्याच झाडावर घरटं बांधलं. उन्हाळ्यात. मार्गशीर्षात कावळा घरटं बांधत नाही. आणि हे पाईपावर बसलं ते अंबूबाईंची चूल विझल्यावर. त्यांच्या जिन्यात लाकडं भरली होती, तिथून कोणी चढलेलं नाही. त्या गच्चीवर यायला दुसरी वाट फक्त तुमच्या घरातून आहे."

आत कमला खोकली. कृष्णवेणी दारात येऊन उभी राहिली.

"देवाप्पाची बोटं मोडली आहेत," सुनंदाबाई म्हणाल्या. "त्याला मुलं आहेत."

"तो धूर," हयवदन शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज खाली होता. "पूर्वी त्यांचा धूर त्यांच्याच घरात असायचा. तुम्ही आलात, पाईप बसवलात, आणि तो माझ्या मुलीच्या खिडकीत आणून सोडलात. मी तुमच्या कचेरीत अर्ज केला. उत्तर आलं, पाईप नकाशाप्रमाणे आहे. अंबूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बघते. कमलाला आम्ही वरच्या खोलीतून खाली आणलं. तरी तिचा दमा वाढतच गेला."

"म्हणून पाईप बुजवलात."

"सकाळी त्या चूल पेटवतील, धूर उलटा घरात भरेल, खोकत बाहेर येतील. एकदा त्यांनाही कळू दे, एवढंच मनात होतं. मुद्दाम जाळ विझेपर्यंत थांबलो. पेटत्या चुलीवर बसवलं तर धोका होईल, असं वाटलं." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "निखाऱ्यांनी माणूस मरतो हे मला माहीत नव्हतं. त्या तिथे झोपतात हेही माहीत नव्हतं."

सुनंदाबाईंना आता देवाप्पाचं बोलणं आठवलं आणि ते उलगडलं. पाईपच्या समोर एकच खिडकी होती. सांगावं की नाही, याचा त्यांनी क्षणभर विचार केला.

"हयवदनराव, देवाप्पाने टोपी का काढली, ठाऊक आहे? अंबूबाईंनी त्याला पाईप उंच करायला सांगितला होता. धूर वरून जावा म्हणून. आज सकाळी नळा बसायचा होता."

हयवदन उठून उभे राहिले, पुन्हा बसले. कृष्णवेणीने पदर तोंडाला लावला.

"मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी आत जाऊन कमलाच्या कपाळावर हात ठेवला, कोट घातला आणि सुनंदाबाईंबरोबर चौकीची वाट धरली.

६

देवाप्पा सुटला. त्याची बोटं सरळ झाली नाहीत. थापी हातात धरता येईना, म्हणून तो बायकामुलांना घेऊन गावाकडे गेला.

सुनंदाबाईंनी मुकुंदरावांपुढे सगळं मांडलं. चुलीचा दोष नव्हता, गवंड्याचा नव्हता, कावळ्याचाही नव्हता.

"मी मानतो," मुकुंदराव म्हणाले. "तुम्ही चांगलं काम केलंत. पण आता लोकांना काय सांगू? पाईप बुजला तर माणूस मरतो, आणि शेजारी तो बुजवू शकतो, हे? कालपर्यंत त्यांना कावळ्याची भीती होती, आता एकमेकांची वाटेल. योजना बंदच राहणार."

"आणि ज्यांच्या चुली फुटल्या त्यांचं कर्ज?"

"ते घरावर आहे. घरं काही फुटलेली नाहीत."

गुंडूरावने घर विकलं नाही. आता घ्यायला कोणी तयार नव्हतं. आईची चूल त्याने स्वतः फोडली आणि दर घरपट्टीबरोबर तिचा हप्ता भरत राहिला. सुनंदाबाईंची बदली नळजोडणीच्या खात्यात झाली. तिथे त्यांना कोणाच्या स्वयंपाकघरात जावं लागत नव्हतं.

हयवदन यांना शिक्षा झाली. त्यांनी वकील दिला नाही. न्यायाधीशांनी काही सांगायचं आहे का विचारलं, तेव्हा त्यांनी फक्त एवढं विचारलं, की शेजारचा पाईप काढला का.

काढला होता. त्या गल्लीत आता एकही पाईप उरला नव्हता.

७

उन्हाळा सुरू झाला तेव्हा एकदा कृष्णवेणी कचेरीत सुनंदाबाईंना शोधत आली. तिच्या कडेवर कमला होती. ती आता कडेवर घ्यायच्या वयाची नव्हती, पण तिला चालवत नव्हतं.

"पाईप गेले, तरी हिचं वाढलंय," कृष्णवेणी म्हणाली. "मोठ्या इस्पितळात दाखवलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात चूल कसली आहे, मुलगी झोपते कुठे. मी सांगितलं, दगडांची, आणि ती चुलीपाशी, उबेला. ते म्हणाले, तुमच्या घरातलाच धूर हिच्या छातीत बसलाय. शेजारचा त्यापुढे काहीच नाही."

त्या घरीही सुनंदाबाई गेल्या होत्या, योजना घेऊन. हयवदन तेव्हा दारातूनच नम्रपणे म्हणाले होते, घरावर बोजा नको आणि सोवळ्याच्या स्वयंपाकघरात गवंडी नको.

"अक्का, मला ती चूल बांधून द्या," कृष्णवेणी म्हणाली. "घरावर काय लिहायचं ते लिहा."

"योजना बंद झाली, बाई."

"देवाप्पा कुठे असतो?"

"त्याला आता बांधता येत नाही."

कृष्णवेणीने मान डोलावली, जणू हे तिला अपेक्षितच होतं. मग म्हणाली, "ह्यांना भेटायला जाल का? मला आता धीर होत नाही."

त्या रविवारी सुनंदाबाई तुरुंगात गेल्या. हयवदन खूप वाळले होते. जाळीपलीकडे बसताच त्यांनी विचारलं, "कमला?"

सुनंदाबाईंनी सकाळपासून बरंच ठरवलं होतं. माणसाला खरं कळायला हवं, असंही ठरवलं होतं.

"बरी आहे," त्या म्हणाल्या.

"श्वास?"

"आवाज येत नाही आता."

हयवदन यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "म्हणजे तोच धूर होता. वाईट झालं, फार वाईट झालं. पण तोच होता."

"हो," सुनंदाबाई म्हणाल्या. "तोच होता."

शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं. हयवदन यांनी हात जोडले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा या, म्हणाले. सुनंदाबाईंनी हो म्हटलं. त्या परत गेल्या नाहीत.